सात नंबरच्या स्टिकचं कपाळ

मोहिनी गायधनी नाशिकच्या एका मुलींच्या कॉलेजात गोल्फची सहाय्यक प्रशिक्षक आहे. हे वाक्य तिला गेली नऊ वर्षं प्रत्येकाला दोनदा सांगावं लागतं. पहिल्यांदा सांगितलं की समोरचा "कबड्डी?" असं विचारतो. दुसऱ्यांदा सांगितलं की हसतो. तिसऱ्यांदा सांगायची वेळ येत नाही, कारण तोवर तीच हसायला लागलेली असते. आपली चेष्टा होणारच असेल तर ती आपणच आधी उरकून टाकावी, म्हणजे लोकांच्या वाट्याला उरलंसुरलं तेवढंच येतं, असं तिचं धोरण आहे.

नोकरी मिळाली तीही धड मार्गानं नाही. ती मूळची खो-खोची. नाशिक रोडला घर, वडील नोटांच्या प्रेसमध्ये, समोर मैदान आणि दम न लागता पळण्याची देणगी, एवढ्यावर तिनं विद्यापीठाच्या संघापर्यंत मजल मारली, मग शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि मग दोन वर्षं घरी बसली. अशात कॉलेजात जागा निघाली. मुलाखतीला मुंबईहून एक विश्वस्त आले होते. त्यांच्या एका मित्रानं शहराबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी, नऊ होलचं गोल्फचं मैदान काढलं होतं आणि तिथल्या हिरवळीवर कॉलेजच्या मुली खेळताना दिसल्या तर शोभा येईल असं दोघांचं ठरलं होतं. विश्वस्तांनी विचारलं, "गोल्फशी तुमचा काही संबंध?" मोहिनी म्हणाली, "रोज सकाळी गोल्फ क्लबवर जाते, सर."

हे शंभर टक्के खरं होतं. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी निम्मं नाशिक जातं. चालायला जातं, पळायला जातं, एकमेकांना गुडघेदुखीवर सल्ले द्यायला जातं, सभा असेल तर भाषण ऐकायला जातं. तिथं गोल्फ खेळायला गेलेला माणूस मोहिनीच्या पिढीनं तरी पाहिलेला नाही. पण विश्वस्त मुंबईचे. त्यांनी शेजारी बसलेल्या प्राचार्य बाईंकडं बघून समाधानानं मान हलवली आणि मोहिनीचं नशीब उघडलं. उघडलं म्हणजे किलकिलं झालं.

कारण मुख्य प्रशिक्षक आधीच ठरलेले होते. खंडेराव बोराडे सर फौजेतून निवृत्त झालेले. कुठल्याशा छावणीत साहेब लोकांबरोबर वीस वर्षं गोल्फ खेळलेला हा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या, डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून सांगायचा की चेंडू कुठं गेला. पुढं पुढं डोळे मिटण्याचा भाग वाढला आणि सांगण्याचा कमी झाला, ती गोष्ट वेगळी. चेंडू कसा मारायचा हे मुलींना मुख्य प्रशिक्षकांनी शिकवायचं आणि बाकीचं सहाय्यक प्रशिक्षकानं बघायचं, अशी कामाची वाटणी होती. बाकीचं म्हणजे केळी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, छत्र्या, मुलींच्या आईवडिलांचे फोन, बसवाल्याला आपण केलेले फोन, आणि कुंपणापलीकडं द्राक्षाच्या बागेत गेलेले चेंडू बागवाल्याच्या हातापाया पडून परत आणणं. खेळ ती स्वतः होस्टेलच्या गच्चीवर मोबाईल बघून शिकली. आज ती बऱ्यापैकी खेळते. पण बोराडे सरांपुढं अजूनही स्टिक अशी धरते, जणू कुणीतरी बूट बांधायला वाकताना तिला क्षणभर धरायला दिली आहे.

एक खातं मात्र निखळ तिचं होतं. पहिल्या वर्षी गोल्फचं सामान कॉलेजात आलं ते ऐन नवरात्रात. मोहिनीच्या घरी खंडेनवमीला वडील स्कूटर, पाना-पक्कड आणि आईचं शिलाई मशीन एका ओळीत मांडून पूजा करत. त्याच सवयीनं तिनं सगळ्या स्टिका खोलीतल्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या, झेंडूची फुलं वाहिली आणि हळदकुंकू काढलं. मग प्रश्न पडला की लावायचं कुठं. कुंकू लावतात कपाळाला. पण लोखंडी स्टिकचं कपाळ कुठलं? तिनं एक स्टिक सगळ्या बाजूंनी निरखली आणि ठरवलं की चेंडूला लागते ती सपाट बाजू म्हणजेच कपाळ, कारण इतक्यांदा आपटून घेणारं दुसरं काही असूच शकत नाही.

तेव्हापासून दसऱ्याला तर झालंच, शिवाय प्रत्येक स्पर्धेच्या सकाळी ती डबी घेऊन मुलींपुढं उभी राहायची. मुली एकेक स्टिक पुढं धरायच्या, ही हळद आणि त्यावर कुंकू टेकवायची आणि म्हणायची, "घाबरू नको, कुंकू लावलंय." नऊ वर्षांत मुख्य प्रशिक्षकांच्या परवानगीनं तिनं दिलेलं खेळाविषयीचं मार्गदर्शन एवढंच. बोराडे सरांनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा एक डोळा उघडून "चालू द्या" म्हटलं होतं आणि डोळा परत मिटला होता.

रोशनी गावित आली ती तीन वर्षांपूर्वी. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची मुलगी. आईवडील भात आणि नागली पिकवायचे आणि पावसाळा सरला की दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला उतरायचे. होस्टेलवर खेळाडू मुलींना रोज दोन अंडी मिळतात हे कळल्यावर ती मोहिनीच्या दारात येऊन उभी राहिली.

"कुठला खेळ खेळतेस?" मोहिनीनं विचारलं.

"ज्यात जागा हाय तो."

जागा फक्त गोल्फमध्ये होती. तिथं ती नेहमीच असायची. पहिल्या दिवशी रोशनीनं सरपण फोडावं तशी स्टिक डोक्यावरून आणली आणि चेंडूसकट ताटाएवढी हिरवळ उपटून काढली. बोराडे सरांनी डोळे उघडले. दोन्ही उघडले. "हिला रोज आणा," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते पुन्हा शिकवायला लागले. सात नंबरची स्टिक तिची लाडकी. ती घेऊन रोशनी एकटी संध्याकाळभर चेंडू मारत राहायची आणि मोहिनी कुंपणाशी ते वेचत राहायची.

यंदा रोशनीचं शेवटचं वर्ष. तिला पुढं शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आश्रमशाळेत खेळाची शिक्षिका व्हायचं होतं. "मला तुमच्यावाणी व्हायचंय, मॅडम," असं ती एकदा म्हणाली तेव्हा मोहिनीला आपण तिच्याशी काय चुकीचं वागलो ह्याची काळजी वाटली होती. पण त्या कोर्सला खेळाडूंसाठी थोड्या राखीव जागा असतात आणि त्या मिळतात विद्यापीठाच्या संघातून देशपातळीवर खेळलेल्यांना. एरवी भरमसाट गुण लागतात आणि ते रोशनीकडं नव्हते. म्हणजे गाडं विद्यापीठाच्या संघापाशी येऊन थांबत होतं. संघ निवडायचा दोन दिवसांच्या स्पर्धेतून. तीस मुली, पहिल्या सहा जणी संघात, बाकीच्या घरी. आजवर मोहिनीच्या कॉलेजची एकही मुलगी त्या सहांच्या आसपास फिरकली नव्हती.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. स्पर्धा नाशिकलाच, त्याच टेकडीखालच्या मैदानावर. पहिल्या दिवशी सकाळी मोहिनीनं डबी काढली. दरवर्षी हळद पाण्यात कालवायची आणि ती दोन फटक्यांत झडून जायची, म्हणून यंदा तिनं डोकं चालवलं. हळद खोबरेल तेलात कालवली. लेप असा घट्ट बसला की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. नऊ वर्षांच्या नोकरीत तिनं केलेली ही पहिली तांत्रिक सुधारणा.

त्या दिवशी रोशनी असं खेळली की बोराडे सर खुर्ची सोडून तिच्यामागं अठरा होल चालत गेले. नऊ होलचं मैदान, दोनदा फिरायचं. ह्या खेळात कमी फटके मारणारी जिंकते, हे मोहिनीच्या आईला म्हणजे मंगलाबाईंना अजून पटलेलं नाही. कमी मारायचं तर जायचंच कशाला, असं त्या विचारतात. रोशनीनं चौऱ्याऐंशी फटक्यांत फेरी संपवली. फलकावर नावं लागली तेव्हा ती तिसरी होती. मोहिनीनं फलक वरून खाली वाचला, कारण खालून वर वाचायची सवय होती आणि आज तिला मुद्दाम उलटं वाचायचं होतं.

त्याच वेळी पुण्याच्या एका कॉलेजचे प्रशिक्षक महेश सर रेफ्रींच्या टेबलाशी उभे होते. त्यांच्या हातात रोशनीचा चेंडू होता आणि चेंडूवर लालपिवळे ठिपके होते. शेवटच्या होलपाशी त्यांना ते दिसले होते. आजवर ते कुणालाच कसे दिसले नाहीत, ह्याचं उत्तर सोपं आहे. शेवटून दुसऱ्या येणाऱ्या मुलीच्या चेंडूकडं कोण कशाला बघेल? तिसरी आलेल्या मुलीचा चेंडू मात्र लोक हातात घेऊन बघतात.

रेफ्री होते वाल्मीक सांगळे सर. साठी उलटलेले, शिडशिडीत, शर्टाच्या खिशात नियमांचं पुस्तक आणि पुस्तकाला रबर बँड. त्यांनी रोशनीची बॅग मागवली, सात नंबरची स्टिक काढली, तिच्या सपाट बाजूवर बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

"खोबरेल?"

"हो, सर," मोहिनी म्हणाली. "टिकावं म्हणून."

आपण हे का बोललो असं तिला लगेच वाटलं, पण तोवर सांगळे सरांनी रबर बँड काढला होता. त्यांनी नियम वाचला. चेंडूवर परिणाम व्हावा ह्या हेतूनं स्टिकच्या तोंडाला कुठलाही पदार्थ लावता येत नाही. तसा पदार्थ लावून फटका मारला तर खेळाडू स्पर्धेतून बाद. मग पुस्तक न मिटता त्यांनी समजावलं, "काही लोक तेलकट पदार्थ लावतात. त्यानं चेंडू हवेत वळायचा कमी होतो. काही पावडर लावतात, म्हणजे फटका कुठं बसला ते कळतं. तुमच्या ह्या लेपात दोन्ही आहेत."

मोहिनीनं स्टिककडं पाहिलं. तीन वर्षांचे चेंडू, त्या सगळ्या संध्याकाळी, आश्रमशाळेतली नोकरी, सगळं आपण एका डबीनं पुसलं. शत्रूनं केलं असतं तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

सांगळे सरांनी आधी रोशनीला विचारलं, कारण खेळाडू ती होती. "हे कुणी लावलं?"

"मॅडमनी."

"कशासाठी?"

रोशनी खोटं बोलत नाही. ते तिला सुचतच नाही. ती म्हणाली, "चेंडू नीट जावा म्हणूनच लावत असतील ना, सर."

महेश सरांनी चेंडू टेबलावर ठेवला. ते वाईट नव्हते. त्यांच्याही दोन मुली सहाच्या काठावर होत्या, आणि नियम त्यांच्या बाजूनं होता. बोराडे सरांनी मोहिनीकडं पाहिलं. फौजेत त्यांनी अशाच नजरेनं माणसं पुढं पाठवली असावीत.

"मॅडम," सांगळे सर म्हणाले, "मी सरळ विचारतो. ह्या लेपानं चेंडूवर काही परिणाम होतो असं तुम्ही मानता का?"

टेबलाभोवती आता पंधरा-वीस जण जमले होते. इतर प्रशिक्षक, मुली, बॅगा वाहणारे दोन कॅडी, चहावाला. रडून, हात जोडून ह्या माणसापुढं काही चालणार नाही हे मोहिनीला दिसत होतं. पुरावा हवा होता. आणि तिच्याकडं एकच पुरावा होता, जो ती नऊ वर्षं लोकांपासून लपवत आली होती.

"सर, मी नऊ वर्षं लावतेय," ती म्हणाली. "त्यातली दोन वर्षं स्पर्धाच झाल्या नाहीत, आजाराच्या साथीत. राहिल्या सात. पहिल्या वर्षी आमच्या तीन मुली होत्या. एक शेवटची आली, एक शेवटून दुसरी. तिसरीनं चौदाव्या होलला खेळ सोडला, कारण चेंडू सापडेना आणि तिची लासलगावची बस निघत होती. कुंकू तिघींना होतं. दुसऱ्या वर्षी मी जरा जास्त लावलं. शेवटच्या दोघी आमच्या."

मागं कुणीतरी हसलं.

"तिसऱ्या वर्षी एका मुलीनं एकाच होलला एकवीस फटके मारले. ते रजिस्टरला आहे. मोजणारी मुलगी मध्येच पाणी प्यायला गेली होती, त्यामुळं जास्तही असतील. चौथ्या वर्षी आमच्या मुलीचा चेंडू मागं गेला, सर. पुढं मारलेला, झाडाला लागून सुरुवातीच्याही मागं, पार्किंगमधल्या एका ओम्नीवर. तुम्हीच रेफ्री होता. ती ओम्नी कुणाची होती ते तुम्हाला आठवत असेल."

सांगळे सरांनी पुस्तकात पाहिलं. ओम्नी त्यांचीच होती.

"नंतरच्या तीन वर्षांचं सांगू का? सव्विसावी ही आमची सगळ्यात मोठी झेप. त्या वर्षी कॉलेजनं मला फूल दिलं होतं."

आता सगळेच हसत होते. कॅडी हसत होते, चहावाला हसत होता. मोहिनीला चेष्टेची सवय होती, पण आजवर ती गमतीत सांगायची. आज ती साक्ष म्हणून सांगत होती. ही काही थट्टा नव्हती, तिची नऊ वर्षं होती. वयाची अठ्ठाविसावी दिवाळी ते सदतिसावी.

"पण यंदा तेल आहे," महेश सर शांतपणे म्हणाले. "आणि यंदा ती तिसरी आहे."

हा मुद्दा बिनतोड होता. मोहिनीनं फलकाकडं हात केला.

"आमच्या अजून दोन मुली आहेत, सर. त्यांच्याही बॅगा बघा. तोच लेप, तीच डबी, तेच खोबरेल, एकाच सकाळी लावलेलं. एक सत्ताविसावी आहे. एक एकोणतिसावी." तिनं बोट रोशनीकडं वळवलं. "तिसरी आली ती रोशनी आहे म्हणून. त्यात माझं काही नाही."

सांगळे सरांनी खरंच दोन्ही बॅगा मागवल्या. वास घेतला. फलक पाहिला. मग त्यांनी चष्मा काढला.

"पण मानता का?" त्यांनी पुन्हा विचारलं. "रेकॉर्ड मी ऐकलं. तुमचं मत मला लिहायचंय."

रोशनी तिच्याकडं बघत होती. दर स्पर्धेला जिला 'घाबरू नको, कुंकू लावलंय' असं सांगितलं, ती मुलगी हाताच्या अंतरावर उभी होती.

"नाही मानत," मोहिनी म्हणाली.

"मग लावता कशाला?"

"तेवढंच काम माझ्याकडं आहे, सर."

ह्यावर कुणी हसलं नाही. सांगळे सरांनी बराच वेळ कागदावर लिहिलं आणि कागद फलकावर टाचला. सदर लेप केवळ रूढीनुसार लावला असून त्याचा चेंडूवर कोणताही परिणाम होत नाही, हे संबंधित प्रशिक्षकांच्या सात वर्षांच्या कामगिरीवरून सिद्ध होते. सबब खेळाडूची फेरी ग्राह्य धरण्यात येत आहे. उद्या स्टिका धुऊन आणाव्यात. खाली सही, तारीख, शिक्का. मोहिनीच्या कामगिरीची लेखी दखल एखाद्या अधिकृत कागदानं घेण्याची ही पहिलीच वेळ. तिनं मोबाईलवर फोटो काढला.

मैदानाच्या कोपऱ्यातल्या नळाखाली बसून तिनं स्टिका धुतल्या. खोबरेल निघता निघेना. तारेचा काथ्या घासता घासता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं येऊ दिलं. ती खोटं बोलली होती. आकडे सगळे खरे होते, पण शेवटचं उत्तर खोटं होतं. नऊ वर्षांत एकदाही तिनं आशा न धरता कुंकू लावलं नव्हतं. एकवीस फटके मारणाऱ्या मुलीच्या वेळीसुद्धा तिला खात्री होती की आज काहीतरी होणार. आणि त्याहून वाईट म्हणजे रोशनीनं ते ऐकलं होतं. मुलीला स्पर्धेत ठेवण्यासाठी आपण तिच्या हातातला आधार सर्वांदेखत काढून घेतला, आता उद्या ती कशाच्या जोरावर खेळणार? परतीच्या बसमध्ये रोशनी पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत बसली. मोहिनीनं तिला केळ दिलं.

घरी संध्याकाळी मंगलाबाईंना सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. "देवाच्या कुंकवाला चारचौघांत नाही म्हणालीस?" त्यांनी विचारलं. मोहिनीनं मान खाली घातली. मग काडी बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "जाऊ दे. तू सहाय्यक आहेस ते देवाला ठाऊक आहे. तो तुझं बोलणं एवढं मनावर घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलींनी स्टिका बॅगेतच ठेवल्या. डबी घरी राहिली होती. मोहिनीला हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून तिनं ते ट्रॅकपँटच्या खिशात घातले आणि दिवसभर काढायचे नाहीत असं ठरवलं. कालच्यासारखी आणखी काही सुधारणा आपल्या हातून होऊ नये, एवढीच इच्छा.

रोशनीची सुरुवात वाईट झाली. दुसऱ्या होलला चेंडू वाळूत गेला. चौथ्याला कुंपणापलीकडं, छाटणी झालेल्या द्राक्षाच्या बागेत. प्रत्येक फटक्याआधी ती मागं वळून बघायची, शोधल्यासारखं. मोहिनी दोरीबाहेर चालत होती, ओठ मिटून. आपल्यामुळं होतंय, आपल्यामुळंच होतंय, एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं. फलकावर रोशनीचं नाव तिसऱ्यावरून पाचव्यावर, मग सातव्यावर उतरलं. अकराव्या होलनंतर बोराडे सर तिच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलले. त्यानंतर ती मागं बघायची थांबली आणि सात नंबरची स्टिक काढून एकामागून एक सरळ फटके मारत सुटली. शेवटच्या होलला आठ फुटांवरून चेंडू आत घालायचा होता. मोहिनीनं डोळे मिटले. बोराडे सरांसारखं तिला आवाजावरून काही कळेना, म्हणून एक उघडला. चेंडू कडेवर रेंगाळला आणि आत पडला.

रोशनी सहावी आली. सातवीपेक्षा एका फटक्यानं पुढं. संघात.

बोराडे सरांनी रोशनीला कडक सॅल्यूट ठोकला आणि खुर्चीत जाऊन लगेच झोपले. मोहिनी मात्र फलकापुढं खिळून उभी होती. तिला आनंद मनात मावत नव्हता, आणि त्याच वेळी एक भलता विचार पिच्छा सोडत नव्हता. काल कुंकू होतं तेव्हा तिसरी, आज नव्हतं तेव्हा सहावी. म्हणजे कुंकवाचा परिणाम तीन नंबरांचा होता. हे सांगळे सरांच्या लक्षात यायच्या आत बक्षीस समारंभ उरकावा म्हणून ती घाईघाईनं खुर्च्या मांडायला लागली. खुर्च्या मांडणं हेही बाकीच्यातच मोडतं.

रोशनी तिच्याबरोबर खुर्च्या उचलायला आली.

"काल मी तसं बोलले," मोहिनी तिच्याकडं न बघता म्हणाली. "तुला वाईट वाटलं असेल. सकाळी तू बिथरलीस ते त्यामुळंच ना?"

"कशामुळं?"

"कुंकू नव्हतं म्हणून."

रोशनीनं हातातली खुर्ची खाली ठेवली. "मला कुंकवाचं कधी काय नव्हतं, मॅडम. स्पर्धेच्या दिवशी सकाळी तुमचे हात लय कापतात. कुंकू लावून झालं का थांबतात. ते थांबले का आमाला बरं वाटतं, मग आमी खेळतो. आमी सगळ्या पोरी म्हणून तर स्टिका पुढं करतो."

"सगळ्या?"

"बोराडे सरांनीच सांगितलंय. नवी पोरगी आली का पयलं तेच सांगतात. मॅडमला लावू द्या, म्हणतात."

मोहिनी मांडलेल्या खुर्चीवर बसली. ती खुर्ची पाहुण्यांची होती. नऊ वर्षं आपण मुलींना धीर देतोय अशी तिची समजूत होती, आणि नऊ वर्षं मुलीच रांगेत उभ्या राहून, आळीपाळीनं, तिला धीर देत होत्या. चाळीस-पंचेचाळीस मुली. ती लासलगावची बस पकडणारीसुद्धा.

"मग आज?" तिनं विचारलं. "आज सारखी मागं वळून काय बघत होतीस?"

"तुमचे हात. खिशात घातले व्हते तुमी. कापतात का थांबले, कायच कळंना." रोशनीनं पुढची खुर्ची उघडली. "मग सर म्हणले, त्यांचं मी बघतो, तू खेळ."

मोहिनीनं हात खिशातून बाहेर काढले. ते कापत होते. रोशनीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, मग आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली केला.

"संघाबरोबर जायचंय तवा डबी घेऊन या, मॅडम. मी सांगळे सरांना विचारलंय. स्टिकच्या पाठीला लावलेलं चालतं, म्हणले."